होदन मागे फिरत नसे

आमच्याकडे घरातून निघालेला माणूस काही विसरला म्हणून परत आला, की त्याला लगेच पुन्हा बाहेर पडू देत नाहीत. दोन घोट पाणी प्यायचं, घटकाभर टेकायचं, मग निघायचं. का, ते कोणी सांगत नाही. माझ्या आईने मला सांगितलं नाही, मी माझ्या मुलीला सांगितलं नाही. विचारलंच तर "तसंच असतं" म्हणायचं, आणि या उत्तरावर आजवर कोणाचं अडलेलं मी पाहिलं नाही.

होदनचं या गोष्टीवरून सासूशी सदा वाजायचं. पाणी प्यायला तिची ना नव्हती. तिला मुळात माणसाने मागे फिरणंच मंजूर नव्हतं. नवरा चष्मा विसरून निघाला तर ती हातातलं काम टाकून चष्मा घेऊन रस्त्याने धावायची, लांब लांब ढांगा टाकत, डोक्यावरची ओढणी सावरत. तो अर्ध्या वाटेवर वळून येताना दिसला की तिथूनच ओरडायची, "थांब! तिथंच थांब! मी आणते!" आणि मागे राहिलेली वस्तू लगेच सापडली नाही तर म्हणायची, "राहू दे. तिच्याबिगर जा." एकदा तिचा नवरा दिलीप बिचारा पाकिटाशिवाय कल्याणला जाऊन आला. कसा गेला आणि कसा आला ते त्याने कधी सांगितलं नाही.

होदन माझ्या घरमालकिणीची सून. मी किन्हवलीच्या शाळेत मराठी शिकवायला होते. माझं घर मुरबाडला, पण एसटीच्या लहरीवर नोकरी करायची माझी तयारी नव्हती, म्हणून ठकूआजीच्या घराची रस्त्याकडची खोली मी भाड्याने घेतली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. ठकूआजी म्हणजे जुन्या वळणाची भातशेतीवाली बाई, नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा दिलीप. तो पुण्याला औषधशास्त्र शिकायला गेला आणि येताना पदवीबरोबर वर्गातली एक सोमाली मुलगी घेऊन आला. पुण्यात तिकडची मुलंमुली पुष्कळ शिकायला येतात, पण त्यांतली एखादी किन्हवलीत नांदायला येईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. गावाने महिनाभर तोंडाला येईल ते बोलून घेतलं. मग नवराबायकोने बाजारात मेडिकल टाकलं, आणि ताप कोणाला सांगून येत नाही. ज्यांनी जास्त तोंड वाजवलं होतं तेच आधी पोराला खांद्यावर टाकून होदनच्या दारात उभे राहिले.

उंच, काळीसावळी, कपाळ मोठं, आणि बोलायला लागली की सगळी ठकूआजीची भाषा. मराठी ती सासूकडूनच शिकली होती. बाहेरगावचा माणूस काउंटरवर आला की आधी बघत राहायचा, मग इंग्रजीत काहीतरी जुळवायला लागायचा. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "जेवल्याबिगर ही गोली खायाची नाय. कललं का?" तो माणूस गोळी न घेताच बरा व्हायचा. एका आगाऊ पोराने तिला विचारलं होतं, तुमच्या देशात सिंह असतात का. "हाय ना," ती म्हणाली, "एक माझा काका होता. त्याला भूक लागली का आमी समदी घराबाहेर."

घरात तिचा एक शिरस्ता होता, तो ठकूआजीला शेवटपर्यंत पचला नाही. संध्याकाळ झाली की होदन सगळ्यांच्या चपला उंबऱ्याच्या आत घ्यायची. नुसत्या आत नाही, ज्याची त्याच्या अंथरुणापाशी, जोडी लावून. कुणब्याच्या घरात चपला आत! ठकूआजीने पहिल्या दिवशी देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले होते. बरीच घासाघीस होऊन शेवटी दाराच्या आतल्या बाजूला एक गोणपाट अंथरलं गेलं आणि चपला तिथे थांबतील असं ठरलं. म्हातारीने उंबऱ्यावर माघार घेतली आणि सुनेने अंथरुणापाशी. तरी लहान साराचे बूट मात्र होदन उशाशीच ठेवायची, फडक्यात गुंडाळून. सारा म्हणजे तिची मुलगी. ठकूआजीने ते पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं केलं होतं.

बाकी दोघींचं बरं होतं. सकाळी आतल्या खोलीत होदनचा नमाज आणि देव्हाऱ्यापाशी ठकूआजीची घंटी एकाच वेळी चालायची, आणि दिलीप मधल्या दारात उभा राहून म्हणायचा, "दोन्हीकडची झाली का मला चहा कोन देल ते सांगा." ठकूआजीने सुनेला पहिल्यांदा घावन करून घातले तेव्हा होदन तव्याकडे बघतच राहिली होती. तिच्या आजीच्या हातचा अगदी असाच पदार्थ तिकडे सकाळी करतात म्हणे, फक्त पळीने मधोमध टाकून गोल गोल फिरवत बाहेर नेतात. मग तिने तसा करून दाखवला. ठकूआजी म्हणाली, "बरा हाय. पन चाकोली कशाला काडायची, खायचाच हाय ना?" तरी पुढे त्या घरात घावन गोल रेघांचेच व्हायला लागले.

कुठेही गेलं की तिचा एक प्रश्न ठरलेला. आम्ही एकदा सगळे सिद्धगडाच्या पायथ्याला गेलो होतो, माझ्याच माहेरच्या बाजूला. समोर एवढा डोंगर, ती गर्द झाडी, मी आपली कौतुकाने सगळं दाखवतेय. होदनने सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, "बाई, मागची वाट कुटं निंगते?" मी म्हटलं, मागे कशाला जायचंय तुला? म्हणाली, "जायचं नाय. ठावं असावं." मला तेव्हा थोडा रागच आला होता. आपल्या माहेरचा डोंगर दाखवावा आणि पाहुण्याने पळायची वाट विचारावी, हे काही बरं नव्हे.

ती मोगादिशूची. तिकडे लढाई पेटली तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती. हे मला ती आल्याआल्याच समजलं होतं, पण समजणं म्हणजे काय ते राबाच्या दिवशी कळलं. तिच्या लग्नानंतरचा पहिला उन्हाळा. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर आधी पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. रान सुकलं की राब भाजायचे दिवस येतात आणि मग एखाद्या दिवशी बघाल तिकडे धूर असतो. या शेतात, त्या टेकाडावर, पलीकडच्या पाड्यावर. आम्हाला त्याचं काहीच नाही. होदन नवीन. दिलीप माल आणायला कल्याणला गेलेला. ती दुपारी धुणं वाळत घालायला मागच्या अंगणात आली आणि तिने चारी बाजूंना धूर पाहिला.

ती ओरडली नाही, रडली नाही. हे ठकूआजी पुढे पुन्हा पुन्हा सांगायची. तिने कळशी भरली, फडक्यात भाकऱ्या बांधल्या, सासूच्या पायात स्वतःच्या हाताने चपला घातल्या, शेजारची दोन पोरं अंगणात खेळत होती ती उचलली, आणि चालायला लागली. "मला वाटला कोनाच्या तरी घरी जेवान हाय," ठकूआजी म्हणायची. "नवी सून, बोलाय येत नाय, म्हनली जाऊ दे, नेते तिकडं जावा. लुगडा पन बदलू दिला नाय." शेजारची पोरं जत्रेला निघाल्यासारखी खूश. अशी वरात गावाबाहेर पडली आणि शेतांच्या बांधाने तिठ्यापर्यंत पोचली. तिथे एक बाबा काठीने राब सारखा करत होता. त्याने विचारलं, कुटं निंगालात गो? होदनने धुराकडे बोट केलं आणि तिला येत होते तेवढे शब्द सांगितले, "आग. लोक. चला."

"राब हाय तो," बाबा म्हणाला. "भात पेरायचाय ना."

ठकूआजीला तेव्हा कुठे उलगडा झाला. ती हसत सुटली. बाबा हसला, पोरं हसली. होदन बांधावर बसली. तिला आधी हसू आलं आणि ते हसू कधी पालटलं ते कोणाला समजलं नाही. ठकूआजी तिच्या शेजारी बसली आणि बांधून आणलेल्या भाकऱ्या तिथेच सगळ्यांनी खाल्ल्या. पुढच्या वर्षीपासून घरचा राब होदन स्वतः पेटवायची. म्हणायची, "आपुन लावलेली आग बरी असते. कुटवर जाल ते कललेला असते."

लढाईची गोष्ट ती आळीतल्या पोरांना सांगायची, आणि ती ऐकणं मला जड जायचं. त्या गोष्टीला शेंडाबुडखा नव्हता. मी जन्मभर पोरांना निबंधाला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो हे घोकायला लावलेलं, आणि होदनची गोष्ट दर वेळी वेगळ्याच ठिकाणी सुरू व्हायची. पहिले आवाज आले तेव्हा घरच्यांना वाटलं कोणाचं लग्न आहे. मग दूधवाली आली नाही. मग शेजाऱ्यांची बकरी यांच्या अंगणात शिरली आणि तिला न्यायला कोणी आलंच नाही. "तवा मला कललं," होदन सांगायची, "का कायतरी झालाय. बकरी न्याया कोनी येत नाय म्हंजे?" मग ट्रक. ट्रक एकदा निळा असे, एकदा त्याला रंगच नसे. ट्रकमध्ये आई, मोठी बहीण सगल, मावशी. बाप आधीच कुठेतरी गेलेला, तो पुढे महिन्यांनी भेटला. आजी, जिला ते अयेयो म्हणत, ती एका दिवशी ट्रकमध्ये असे, तिच्या मांडीवर होदनचं डोकं असे. पुढच्या वेळी ट्रकमध्ये अयेयो नसे. पोरं विचारत, "आजी कुटं गेली वैनी?" होदन म्हणे, "होती ना. नाय, नव्हती." आणि पुढे जाई. समुद्राकाठचं गाव, उलट्या, रस्त्यात पडलेली शिवणयंत्रं, मग केनियाच्या हद्दीवरची छावणी. तिथे सगळी पोरं अनवाणी आणि होदनच्या पायात लाल चपला, दोन्ही. तिथल्या वाळूचे चटके बसायचे म्हणून पोरं पाळीपाळीने तिच्या चपला घालून संडासला जायची. इथे आमची पोरं लोळून हसायची आणि गोष्ट संपायची.

मी एकदा म्हटलं, "अगं, एकदा नीट बसून ओळीने आठव ना."

ती म्हणाली, "बाई, मी तवा लय लहान. कोनी मला ओलीने दाखवलाच नाय."

तिच्या बहिणीला सगळं ओळीने माहीत होतं. सगल तेव्हा चौदा-पंधराची, आता नैरोबीत आईबरोबर राहते. पण तो विषय काढला की ती फोन ठेवून द्यायची.

असं चाललं होतं. मग एसटी स्टँडवरचा तो प्रसंग झाला. सारा तेव्हा दुसरीत होती. शहापूरला कोणाच्या तरी हळदीला निघालो होतो, ठकूआजी, होदन, सारा आणि मी. गाडी लागलेली. चढता चढता साराने भोकाड पसरलं, तिच्या एका पायात सँडल नव्हती. नवी सँडल, पट्टा सैल, वाटेत कुठेतरी निसटलेली. नातीच्या डोळ्यांत पाणी म्हटल्यावर ठकूआजी लगेच वळली. "आनते गो बाय. हितंच पडली असल. तुमी बसा, मी आलीच."

होदनने तिचा हात धरला. धरला म्हणजे असा की नखं रुतून म्हातारीच्या मनगटातून रक्त आलं. आणि ती ओरडली, मराठीत नाही, तिच्या भाषेत, एकच शब्द पुन्हा पुन्हा. कंडक्टर खाली उतरला. बायका गोळा झाल्या. "सासूला मारते गो ही!" कोणीतरी म्हणालंच. ज्या बाईने दिवसरात्र सासूचे पाय चेपले तिने भर स्टँडवर हे करावं, याचा अर्थ मला लागत नव्हता. साराने रडणं थांबवून आईकडे पाहिलं. मग होदनने स्वतःच हात सोडला, आपल्या हाताकडे पाहिलं आणि जमिनीवर बसली. गाडी आम्हाला सोडून गेली.

घरी आल्यावर ठकूआजीने मनगटाला हळद लावली, चहा टाकला, सुनेला समोर बसवलं आणि म्हणाली, "आता बोल. हाताचा मला काय नाय. पन तुज्या पोटात काय हाय ता बोल."

होदन बोलली. पहिल्यांदाच ओळीने बोलली. घर सोडायच्या दिवशी सगळे ट्रकपाशी आले तेव्हा होदनच्या एका पायात चप्पल नव्हती. लाल, ईदची. ती रडायला लागली. आई गप्प बस म्हणत होती, ट्रकवाला शिव्या देत होता. अयेयो खाली वाकली, म्हणाली, रडू नको, मी घेऊन येते. आणि मागे फिरली. ट्रक सुटला. अयेयो आली नाही.

"मी रडले नसते," होदन म्हणाली, "तर ती ट्रकात बसली असती. एका चपलेसाठी मी तिला पाठवला. ही गोष्ट मी कुनाला बोलले नाय. दिलीपला पन नाय."

दिलीप दारातच उभा होता. तो खाली बसला.

माझ्या मनात मात्र, काय सांगू, मास्तरकीच आली. एवढी वर्षं मला खुपत असलेली गोष्ट हीच होती. मी म्हटलं, "होदन, पण छावणीत तुझ्या दोन्ही पायांत लाल चपला होत्या. पोरं पाळीपाळीने घालायची. मग दुसरी कुठून आली?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आपल्या पायांकडे पाहिलं, जणू तिथे काही दिसणार होतं. "होत्या," ती म्हणाली. "दोन होत्या." मग, "नाय... तिनं आनली? मंग ती आली होती?" तिचा चेहरा इतका गोंधळला की मला वाटलं, उगाच बोललो आपण. जी जखम होती तिच्यावर निदान खपली तरी होती.

ठकूआजीने तिचा कप उचलून तिच्या हातात दिला. "माजा म्हायार धरनात गेला," ती म्हणाली. "खाली करायच्या दिवशी गाड्या भरल्या, गुरा बांधली, आनि माजी आजी म्हनली, मुसल राह्यला. आनि गेली घरात. किती येल झाला तरी ये नाय. बगतो तर चुलीपाशी बसलेली. काकांनी उचलून आनली. मुसल तर तिनंच सकाली गाडीत घालाय लावलेला, माज्या हातानं. गो बाय, म्हातारी मान्सा इसरत नाय. निंगायचा नसला का मंग कायतरी इसरतात." आणि दिलीपकडे वळून, "लाव तिच्या भनीला फोन. आनि ठेवू नको म्हनावं. म्हनावं सासू बसलीय समोर."

नैरोबीला फोन लागला. पडद्यावर सगल दिसली, होदनसारखंच मोठं कपाळ, चष्मा. पुढचं सगळं त्यांच्या भाषेत झालं. आम्ही तिघं समोर बसून बघत होतो आणि एक अक्षर समजत नव्हतं. होदन विचारत होती. सगल मान हलवत होती. एकदा तिने फोन ठेवायला हात पुढे केला, तेव्हा ठकूआजी पडद्यात तोंड घालून "ए बाय!" म्हणून ओरडली. सगल दचकली आणि थांबली. मग ती बोलायला लागली, हळूहळू, चष्मा काढून, आणि होदन ऐकत ऐकत जमिनीकडे वाकत गेली. सगलचं बोलून झालं. फोन चालूच होता. तिकडे मागे कोणीतरी भांडी घासत होतं, तेवढा आवाज येत होता.

नंतर होदनने आम्हाला सांगितलं, तुकड्यातुकड्याने. ट्रक पहिल्यांदा थांबला तेव्हा आईने गाठोडं सोडलं. हे गाठोडं अयेयोनेच बांधून आईच्या हातात दिलं होतं. त्यात खजूर, अयेयोची शाल, आणि त्या शालीत गुंडाळलेली होदनची लाल चप्पल. दुसऱ्या पायाची. अयेयोने ती घर सोडण्याआधीच काढून आत ठेवली होती.

"म्हंजे तिला ठावं होतं," होदन म्हणाली. "मी रडले तवा तिला ठावं होतं चप्पल कुटं हाय."

का? ते सगललाही माहीत नाही. ट्रकवाला म्हणत होता, माणसं जास्त झाली, एकाला उतरवा. ते एक कारण असेल. शेजारची पांगळी म्हातारी मागे राहिली होती, तेही असेल. किंवा तिला जायचंच नव्हतं. पुढे तिकडून आलेल्या कोणीतरी सांगितलं, अयेयोला बरेच दिवस दारात बसलेली पाहिली होती. त्यानंतरचं कोणी सांगितलं नाही. आईला ती चप्पल बघवत नव्हती आणि टाकवतही नव्हती. तिने ती होदनच्या पायात घातली आणि सगलला शपथ घातली, हे पुन्हा बोलायचं नाही.

"मी सगलला इचारलं, मला का नाय सांगितला?" होदन म्हणाली. "तर म्हनली, तू येवढीशी होतीस. तुला आठवत असल असं कोनाला वाटलाच नाय."

दिलीप उठून मागच्या अंगणात गेला. माझे डोळे भरून आले. होदन रडली नाही.

मला वाटलं होतं, आता पोरीच्या डोक्यावरचा डोंगर उतरला, आता ती मोकळी होईल. तसं काही झालं नाही. पुढचे कित्येक दिवस ती हरवल्यासारखी वागत होती. मेडिकलचं शटर अर्धं ओढून आत बसायची. गिऱ्हाईक आलं की दिलीपला हाक मारायची, स्वतः कपाटाला हात लावायची नाही. म्हणायची, "आज माज्या डोल्यावर माजा भरवसा नाय." घावन टाकताना मधेच पळी थांबायची. एकदा मी तिला दाराशी उभी पाहिली, गोणपाटावरच्या चपला एकदा आत करत होती, एकदा बाहेर.

मी म्हटलं, "होदन, तुझी काही चूक नव्हती हे तर कळलं ना?"

"कललं," ती म्हणाली. "पन बाई, इतकी वर्सा माझा राग माझ्यावर होता. त्याची सवय झालेली. आता कोनावर करू? अयेयोवर करू? ती मला फसवून गेली. माझ्या रडन्याच्या आड लपून गेली. आनि मला वाचवून गेली. दोनी खरा. आता दोनी घेऊन बसायचा कसा?"

निबंधाला शेवट असतो हे मी पुढे वर्गात जरा कमी ठासून सांगायला लागले, एवढंच.

दोनेक वर्षांनी नैरोबीहून निरोप आला, आई फार थकली आहे, ये. होदनने जायचं ठरवलं. किती दिवसांसाठी ते नक्की नव्हतं. साराची शाळा, दुकान, सगळं दिलीप आणि ठकूआजीवर. माझीही निवृत्ती त्याच सुमाराला होती, सामान बांधून झालं होतं, पुढच्या आठवड्यात मी मुरबाडला निघणार होते. आता फोनवर अधूनमधून तिचा आवाज येतो. आई अजून आहे म्हणते, तिला घावन करून घालते म्हणते. येईन म्हणते. पण डोळ्यांनी तिला मी शेवटची पाहिली ती निघायच्या सकाळीच.

दारात रिक्षा उभी होती. होदनने साराला जवळ घेतलं, सासूच्या पाया पडली, जे ती एरवी करत नसे. ठकूआजीने तिच्या हातावर साखर ठेवली. दिलीप तिला विमानापर्यंत सोडायला जाणार होता, तो बॅगा घेऊन आधीच आत बसला होता. पासपोर्ट घेतलास का, फोन घेतलास का, औषध घेतलंस का, असं आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने विचारून झालं. होदनला असलं विचारायचं म्हणजे खरं तर मूर्खपणा होता. जिच्या राज्यात मागे फिरायची मुभा नाही ती काय विसरणार? रिक्षा सुटली. आळीच्या टोकाला विहीर आहे, तिथे वळण. रिक्षा वळणापर्यंत गेली आणि थांबली.

होदन खाली उतरली. दिलीप काहीतरी म्हणाला, तिने हात केला, तू थांब. आणि ती चालत परत यायला लागली. धावत नाही, लांब ढांगा टाकत नाही. घरी येणारा माणूस जसा येतो तशी. आम्ही दारात उभे होतो ते तसेच उभे राहिलो. साराने माझा हात धरला. शेजारची बाई धुणं टाकून बघायला लागली.

ठकूआजी आत गेली, पाट मांडला, तांब्याभर पाणी आणलं. होदन उंबऱ्यावर आली, चपला काढल्या, आत येऊन पाटावर बसली. फुलपात्र तोंडाला लावून हळूहळू पाणी प्यायली. बसल्या जागेवरून तिने घराकडे एकदा पाहिलं. चूल, देव्हारा, आतल्या खोलीचं दार, गोणपाट. घटकाभर बसली. मग उठली.

शेजारणीला राहवलं नाही. "काय इसरलीस गो वैनी?"

"काय नाय," होदन म्हणाली आणि चपला घालून गेली.

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली. ठकूआजीने तांब्यात उरलेलं पाणी तुळशीला घातलं, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बगलास ना, बाय? कायबी इसरली नव्हती."